टेस्ट व्हेक्टर कुठून आणायचे? आणि ते जुळले तरी सर्व्हर 'नाही' का म्हणतो?

मीटरवाला | सोमवार, रात्री ११:१२

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

सांगलीजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे. उपसा सिंचनाच्या पंपांचे कंट्रोलर बनवतो. पंप किती तास चालला, व्होल्टेज किती होतं, ही माहिती सिमकार्डावरून एका कंपनीच्या सर्व्हरला जाते (नाव नको). आता त्यांनी अट घातली आहे की माहिती एईएस-१२८ने (मजकूर कुलूपबंद करायची प्रमाण पद्धत), सीबीसी मोडमध्ये (प्रत्येक ब्लॉक आधीच्यात गुंफून) एनक्रिप्ट करूनच पाठवायची. आमची चिप जुनी, ८ बिटची, फ्लॅश मेमरी मोजून मापून. तयार लायब्ररी बसेना, म्हणून एईएस मी स्वतःच सीमध्ये लिहिलं. (माहीत आहे, स्वतः लिहू नये. पुढे वाचा.)

माझ्याकडे एनक्रिप्ट केलेलं डिक्रिप्ट केलं की मूळ मजकूर जसाच्या तसा परत येतो. रँडम मजकूर घालून हजार वेळा पाहिलं, एकदाही चुकलं नाही. पण सर्व्हर म्हणतो 'इनव्हॅलिड पॅकेट'. त्यांच्या सपोर्टला विचारलं तर एकच उत्तर, "आमच्याकडे चालतंय."

एक मित्र म्हणाला टेस्ट व्हेक्टर लावून बघ. अधिकृत व्हेक्टर मिळतात कुठे? कुठल्याही ब्लॉगवरचे उचलले तर चालतील का? आणि जाऊन-येऊन सगळं बरोबर येत असेल तर चूक असणार तरी कुठे?

खवचट | सोमवार, रात्री ११:२०

दुसऱ्याच परिच्छेदात 'स्वतःच लिहिलं'. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

षोडशी | सोमवार, रात्री ११:५१

खवचट, जागा अडवू नका.

मीटरवाला, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. स्वतःचं मोडी अक्षर प्रत्येकाला वाचता येतं. दुसऱ्या गावच्या कारकुनाला वाचता आलं तर ते मोडी, नाहीतर नुसत्या रेघोट्या. तुमचं डिक्रिप्ट हे तुमच्या एनक्रिप्टचंच उलटं आहे. पुढे जाताना जी चूक झाली तीच मागे येताना उलटी होते आणि मजकूर सुखरूप घरी येतो. हजार काय, लाख वेळा चालवलंत तरी तेच.

टेस्ट व्हेक्टर म्हणजे ही किल्ली, हा मजकूर आणि हे उत्तर, असं दुसऱ्याने आधी काढून ठेवलेलं त्रिकूट. ('की' लिहिलं की वाक्याचा घोळ होतो, म्हणून किल्ली.) ब्लॉगवरचे घेऊ नका. एईएसचं मूळ मानक फिप्स १९७, अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने २६ नोव्हेंबर २००१ला काढलेलं, निस्टच्या साइटवर फुकट मिळतं. त्या २००१च्या आवृत्तीच्या परिशिष्ट सीमध्ये १२८, १९२ आणि २५६ बिटच्या किल्ल्यांची उदाहरणं आहेत. पण तुम्ही आधी परिशिष्ट बी उघडा. तिथे एकाच उदाहरणाच्या प्रत्येक फेरीतली प्रत्येक पायरी छापली आहे. शेवटचं उत्तर चुकलं तर 'चूक आहे' एवढंच कळतं, कुठे आहे ते पायऱ्या लावल्या की दिसतं.

बीमधली किल्ली २बी ७ई १५ १६... अशी आहे आणि मजकूर ३२ ४३ एफ६ ए८... असा. (हेक्स म्हणजे १६च्या पायावरचे आकडे, ० ते ९ आणि ए ते एफ. त्यातली अक्षरं देवनागरीत लिहितेय, इथे तोच रिवाज आहे.) पहिल्या फेरीतली चारही पायऱ्यांची तुमची उत्तरं इथे टाका.

अवांतर: ते आकडे कुणी मनाला येतील तसे लिहिलेले नाहीत. मजकूर म्हणजे गणितातल्या ३.१४ वाल्या पायची हेक्समधली किंमत, ३.२४३एफ६ए८... यातला टिंब काढून. आणि किल्ली म्हणजे नैसर्गिक लॉगचा पाया ई, २.७१८ वाला, तो हेक्समध्ये २.बी७ई१५१६... असा येतो. मला हे कळायला सहा वर्षं लागली, तोवर त्या आकड्यांकडे मी नुसती आंधळेपणाने बघत होते.

दऱ्याखोऱ्या | मंगळवार, सकाळी ७:०५

पायचं माहीत नव्हतं! वाखुसा (वाचनखूण साठवली).

मीटरवाला | मंगळवार, रात्री १०:३०

षोडशीताई, आभार. आज दुकान बंद केल्यावर बसलो. पहिली फेरी, माझ्या कोडमधून सीरियल पोर्टवर छापलेली:

किल्ली मिसळल्यावर: १९ ३डी ई३ बीई ए० एफ४ ई२ २बी... (जुळलं)
एस-बॉक्सनंतर (ठरलेल्या तक्त्याने बाइट बदलल्यावर): डी४ २७ ११ एई ई० बीएफ ९८ एफ१... (जुळलं)
ओळी सरकवल्यावर: डी४ २७ ११ एई बीएफ ९८ एफ१ ई०... (नाही जुळलं)

पुस्तकात तिसऱ्या पायरीला डी४ बीएफ ५डी ३० आहे. सरकवायचं फंक्शन तर सात ओळींचं आहे हो, त्यात काय चुकणार?

जुनाट_सी | मंगळवार, रात्री १०:४४

सापडलं. फंक्शन बरोबर आहे, कपाट आडवं लावलंय तुम्ही.

तुमची पहिली चार बाइट बघा. सरकवण्याआधी डी४ २७ ११ एई, नंतरही डी४ २७ ११ एई. जागची हललीच नाहीत. चार बाय चारच्या चौकटीत पहिली ओळ सरकत नाही, म्हणजे ही चार बाइट तुमच्याकडे पहिल्या ओळीत बसली आहेत. एईएसची चौकट उभी भरायची असते. पहिली चार बाइट पहिल्या स्तंभात वरून खाली, पुढची चार दुसऱ्या स्तंभात. सीमध्ये दोन मितींचा ॲरे घेऊन सरळ मेमकॉपी केलं की ओळीनेच भरतं. निम्म्या जगाने ही चूक केलेली आहे, मीही, १९ नाही तर २० वर्षांपूर्वी.

किल्ली मिसळणं आणि एस-बॉक्स एकेका बाइटवर चालतात, त्यांना आडवं काय नि उभं काय. म्हणून पहिल्या दोन पायऱ्या जुळल्या. आणि डिक्रिप्टमध्येही चौकट तशीच आडवी, म्हणून तुमच्या हजार चाचण्या पास.

मीटरवाला | मंगळवार, रात्री ११:३८

काका, नतमस्तक. इंडेक्स उलटा केला. बीचं शेवटचं उत्तर ३९ २५ ८४ १डी आलं. मग परिशिष्ट सी.१ लावलं, किल्ली ०० पासून ०एफ, मजकूर ०० ११ २२ ते एफएफ. उत्तर ६९ सी४ ई० डी८ ६ए ७बी ०४ ३०... शेवटच्या ५एपर्यंत जुळलं. बायकोला उठवून दाखवलं, तिने 'बरं' म्हणून कूस बदलली.

उद्या सर्व्हरला पाठवून बघतो.

पायथॉनपंत | बुधवार, दुपारी १:१५

धागा हायजॅक करत नाही, पण माझंही एक. शा-२५६ (मजकुरावरून ठरावीक लांबीचा ठसा, म्हणजे हॅश, काढायची पद्धत) शिकतोय. मानकातलं पहिलंच उदाहरण 'एबीसी' या तीन अक्षरांचं (इंग्रजी छोटी लिपी). उत्तर बीए ७८ १६ बीएफ यायला हवं. लिनक्सच्या टर्मिनलवर इको करून शा२५६समला पाइप केलं तर ईडी ईए एएफ एफ३ असं काहीतरी येतंय. लिनक्सच चुकतंय का?

खवचट | बुधवार, दुपारी १:१७

हो, लिनक्स चुकतंय. ताबडतोब बातमी द्या.

षोडशी | बुधवार, दुपारी १:४०

पंत, इको शेवटी नव्या ओळीचं एक बाइट चिकटवतो. तुम्ही तीनचा नाही, चार बाइटांचा हॅश काढलात. इकोला 'उणे एन' द्या किंवा प्रिंटएफ वापरा. व्हेक्टर न जुळण्याच्या तक्रारींत असल्या फालतू कारणांचा वाटा फार मोठा असतो. हेक्स मजकूर बाइटमध्ये न बदलताच देणं, बेस६४ची तुलना हेक्सशी करणं, विंडोजवर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडणं, हे सगळं त्याच घरातलं. कोड उलगडायच्या आधी आपण नक्की किती बाइट आत दिली ते मोजायचं.

आणि शा-२५६ला 'एबीसी'वर थांबू नका. त्याच्या सोबतचं दुसरं प्रसिद्ध उदाहरण ५६ अक्षरांचं आहे, उत्तर २४ ८डी ६ए ६१ने सुरू होतं. ५६च का? ब्लॉक ६४ बाइटांचा. मजकुरानंतर एक बाइट (हेक्स ८०) आणि शेवटी लांबीची ८ बाइट बसवायची असतात. ५५ अक्षरांपर्यंत हे सगळं एकाच ब्लॉकमध्ये मावतं. ५६ला एका बाइटने सांडतं आणि दुसरा ब्लॉक काढावा लागतो. घरी लिहिलेल्या कोडमध्ये नेमकं तिथेच पाणी मुरतं. ५५, ५६, ६३, ६४, ६५ या लांब्या मी नेहमी स्वतंत्र तपासते आणि उत्तरं दोन वेगवेगळ्या लायब्रऱ्यांतून काढून घेते.

सातासमुद्रापार | बुधवार, संध्याकाळी ७:३०

कॅनडातून लिहितेय. माझं पोटच यावर चालतं, म्हणून थोडं विस्ताराने.

निस्ट आणि कॅनडाची सरकारी यंत्रणा मिळून जुलै १९९५पासून अल्गोरिदम तपासून प्रमाणित करायची योजना चालवतात, सीएव्हीपी. तिचे जुने व्हेक्टर झिप फायलींत निस्टच्या साइटवर आहेत. आत .आरएसपी नावाच्या साध्या टेक्स्ट फायली असतात, त्या वाचायचा पार्सर तासाभरात होतो. आता खरी तपासणी एसीव्हीपी या प्रोटोकॉलने होते. सर्व्हर जेसन या मजकुरी स्वरूपात प्रश्न पाठवतो, तुमचं अंमलबजावणीचं यंत्र उत्तरं पाठवतं. साइटवरचे व्हेक्टर जुळले म्हणजे प्रमाणपत्र मिळालं असं नव्हे, हे तिथेच लिहून ठेवलंय, तरी दर महिन्याला कुणीतरी तसा दावा करतंच.

एईएसच्या फायलींत तीन जातीचे व्हेक्टर दिसतील. पहिले 'ठरलेली उत्तरं'. यात किल्लीतला एकेक बिट वाढवत नेतात, मग मजकुरातला, शिवाय एस-बॉक्सचे खास. दुसरे अनेक ब्लॉकचे. तिसरा मॉन्टे कार्लो, माझा लाडका. एका एनक्रिप्शनचं उत्तर पुढच्याला मजकूर म्हणून द्यायचं, असं १,००० वेळा. मग त्या उत्तरातून नवी किल्ली बनवायची आणि पुन्हा १,०००. असे १०० फेरे, म्हणजे एकूण एक लाख एनक्रिप्शन. मधे कुठेही एक बिट घसरला की पुढचं सगळं नासतं. आधीच्या कॉलमधलं काही मेमरीत उरून पुढच्यात मिसळत असेल, तर सुट्या व्हेक्टरना ते कळत नाही, हा मात्र पकडतो. मीटरवाला, तुमच्या ८ बिटच्या चिपवर लावून बघा, चहा होईपर्यंत चालेल.

जुनाट_सी | बुधवार, रात्री ९:०२

मॉन्टे कार्लोला +१. पण सगळे सरकारी व्हेक्टर पास म्हणजे कोड शुद्ध, असं लिहू नका कृपया. निस्टने नवा हॅश निवडायला घेतलेल्या शा-३च्या स्पर्धेला आलेले कोड संशोधक निकी मूहा आणि सहकाऱ्यांनी नंतर तपासले आणि २०१८मध्ये छापलं. ८६पैकी ४१ संदर्भ कोडमध्ये चुका निघाल्या. ब्लेकसारख्या अंतिम फेरीतल्या हॅशमधली चूक सात वर्षं कुणाला दिसली नव्हती. तोच मजकूर एका घासात दिला तर उत्तर बरोबर, ठरावीक तुकड्यांत दिला तर चूक. व्हेक्टर लावताना आपण सगळे एका घासातच देतो ना.

सातासमुद्रापार | बुधवार, रात्री ९:४०

मान्य, त्याच्या पुढची गोष्टही त्याच मूहांची. केचाक, म्हणजे त्या स्पर्धेत जिंकलेला हॅश, लिहिणाऱ्या चमूच्याच अधिकृत कोडमध्ये ऑक्टोबर २०२२ला बफर ओव्हरफ्लो (राखलेल्या मेमरीबाहेर लिहिलं जाणं) जाहीर झाला, त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२२-३७४५४. आधी थोडा मजकूर आणि त्यावर साधारण ४ जीबीचा तुकडा दिला की ३२ बिटचा हिशोब उलटतो. तो कोड जानेवारी २०११पासून बाहेर होता, पायथॉन आणि पीएचपीमध्येही गेला होता. ४ जीबीचा व्हेक्टर कोण ठेवणार? त्याआधी ॲपलच्या कोअरक्रिप्टोमध्ये १२पैकी ११ हॅश प्रचंड मोठ्या मजकुरावर अनंत फेऱ्यात अडकत होते. तेव्हापासून मोठ्या मजकुराची चाचणी वेगळी आली. व्हेक्टरची फाइल न ठेवता एक छोटा तुकडा आणि 'हा इतक्या जीबीपर्यंत पुन्हा पुन्हा द्या' एवढंच सांगतात.

पायथॉनपंत | बुधवार, रात्री १०:१०

उणे एनने जुळलं! आता शा३-२५६. रिकाम्या मजकुराचा हॅश सी५ डी२ ४६ ०१ येतोय. मानकात ए७ एफएफ सी६ एफ८ आहे. आता तर नवी ओळही नाही.

षोडशी | बुधवार, रात्री १०:१८

सी५ डी२ दिसलं की डोळे मिटून सांगायचं, हा मूळ केचाक आहे. स्पर्धेचा निकाल २०१२ला लागला, मानक फिप्स २०२ ऑगस्ट २०१५ला आलं, आणि मधल्या काळात पॅडिंगआधी (ब्लॉक पुरा करायला घातलेली भर) दोन बिट वाढवले. इथेरियम या क्रिप्टोचलनाने जुनाच धरून ठेवला. तुमची लायब्ररी इथेरियमवाल्यांची दिसतेय. चुकीची नाही, नाव सारखं असलेली दुसरी व्यक्ती आहे.

दऱ्याखोऱ्या | गुरुवार, सकाळी ८:२०

मी तुमच्यातली नाही, पण माझ्या सदस्यनामातच दुखणं आहे म्हणून लिहिते. एका साइटवर मी पासवर्ड मराठीत ठेवला होता, त्यात 'ऱ्या' होतं. लॅपटॉपवरून लॉगिन होतं, फोनवरून होत नाही. अक्षरं डोळ्यांना तंतोतंत सारखी. हे हॅशचंच काहीतरी का?

षोडशी | गुरुवार, सकाळी ९:०५

अगदी हॅशचंच! सुंदर उदाहरण दिलंत.

हा अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, म्हणजे ई० ए४ बी१ ई० ए५ ८डी, सहा बाइट. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणारं अक्षर, म्हणजे ई० ए४ बी० ई० ए५ ८डी ई२ ८० ८डी, नऊ बाइट. पडद्यावर एकच चित्र, हॅशच्या पोटात दोन वेगळे मजकूर. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण र आणि सुटा नुक्ता यांना एकत्र करून ऱ बनवतं, पण त्या अदृश्य अक्षराला हात लावत नाही. मराठी लोकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी स्वतःच्या चाचण्यांत हे दोन्ही ठेवायला हवेत, कुठल्याही परदेशी व्हेक्टरच्या फायलीत हे मिळणार नाहीत.

जुनाट_सी | गुरुवार, सकाळी ९:३०

मराठी पासवर्डवरून आठवलं. २०११च्या जूनमध्ये बीक्रिप्ट या पासवर्ड-हॅशच्या एका फार वापरातल्या सी कोडमध्ये चूक निघाली, सीव्हीई-२०११-२४८३. पासवर्डचं प्रत्येक बाइट सीमधल्या साध्या 'चार' (कॅरेक्टर, आकडा नव्हे) प्रकारात धरलं होतं, आणि इंटेलवर चारला उणे चिन्ह असतं. हेक्स ८० किंवा त्यापुढचं बाइट आलं की ते ऋण धरलं जाऊन त्याच्या आधी एफएफ एफएफ एफएफ लागतं, आणि ते तीन एफएफ चार बाइटांच्या गटातल्या आधीच्या तीन अक्षरांवर बसतात. इंग्रजी पासवर्डला काही होत नाही, कुठलाही इंग्रजी व्हेक्टर पास. देवनागरीचं मात्र यूटीएफ-८मधलं प्रत्येक बाइट ८० किंवा त्यापुढचं! 'ज्ञानेश्वर' असा पासवर्ड ठेवलात तर गटागटात शेवटचं बाइट तेवढं उरायचं, बाकीची गाडली जायची. जुने हॅश वेगळे ओळखू यावेत म्हणून मग २एक्स आणि २वाय अशा खुणा आल्या.

ती दुरुस्ती ज्या पीएचपी ५.३.७मध्ये आली, तिचीच गंमत ऐका. १८ ऑगस्ट २०११ला ती आवृत्ती निघाली, आणि तिच्यात एमडी५ क्रिप्ट (दुसरा एक पासवर्ड-हॅश) नुसतं सॉल्ट, म्हणजे पासवर्डात मिसळायचा उघड मजकूर, परत द्यायचं, हॅश गायब. पकडणारी टेस्ट त्यांच्याकडे होती. ती लाल दाखवतही होती. इतर लाल टेस्टच्या गर्दीत कुणी बघितलं नाही. पाच दिवसांनी ५.३.८ काढावी लागली.

आळशी_अजगर | गुरुवार, दुपारी १२:००

एवढं शोधण्यापेक्षा चॅटबॉटला विचारा की. मी एचएमएसीचे (किल्ली घालून काढलेला हॅश) दहा व्हेक्टर दोन मिनिटांत घेतले.

खवचट | गुरुवार, दुपारी १२:०३

जुळले का?

आळशी_अजगर | गुरुवार, दुपारी १२:०९

सात जुळले. एकाच्या उत्तरात ६४च्या जागी ६२ आकडे आहेत. माझा कोड चुकतोय वाटतं.

षोडशी | गुरुवार, दुपारी १२:३०

अजगर, कोड चुकतोय की व्हेक्टर, हे ठरवायलाच ज्याचा उपयोग होत नाही त्याला व्हेक्टर म्हणून काय करायचं? एचएमएसी-शा२साठी आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक कागदांची मालिका) ४२३१ घ्या, सातच उदाहरणं आहेत पण विचार करून निवडलेली. सहावं न चुकता लावा, त्यात १३१ बाइटांची किल्ली आहे. ब्लॉकपेक्षा लांब किल्ली आधी हॅश करायची असते, ते बऱ्याच जणांच्या कोडमध्ये राहून जातं.

पासवर्डवरून किल्ली काढणाऱ्या पीबीकेडीएफ२साठी आरएफसी ६०७० आहे, पण ती फक्त शा-१ची. शा-२५६चे दोन व्हेक्टर आरएफसी ७९१४मध्ये आहेत. ती खरी एसक्रिप्ट या दुसऱ्या पद्धतीची, म्हणून तिथे बघायचं कुणाला सुचत नाही. ६०७०मधला शेवटचा व्हेक्टर मला फार आवडतो. पासवर्डच्या आणि सॉल्टच्या मधोमध एक शून्य बाइट घातलंय. सीमध्ये एसटीआरलेनने (शून्य बाइट दिसलं की ते थांबतं) लांबी मोजणाऱ्याचा पासवर्ड तिथेच तुटतो. ज्याने तो घातला त्याने असला कोड भरपूर बघितला असणार.

सातासमुद्रापार | गुरुवार, संध्याकाळी ६:५०

डिजिटल सह्यांचं कुणी काढलंच नाही, म्हणून भर घालते. ईसीडीएसए या पद्धतीची सही दर वेळी वेगळी येते कारण आत एक रँडम आकडा असतो, त्यामुळे 'उत्तर जुळत नाही' ही तक्रारच तिथे चुकीची. तो आकडा बाहेरून देता यायला हवा, किंवा आरएफसी ६९७९ची ठरीव पद्धत वापरायची.

त्याहून मोठं म्हणजे पडताळणीला चुकीच्या सह्या देऊन बघायच्या, आणि तिने त्या नाकारायला हव्यात. निस्टच्या जीसीएमच्या (एनक्रिप्ट करून छेडछाडही पकडणारा मोड) फायलींत डिक्रिप्टच्या काही नोंदींपुढे नुसतं 'फेल' लिहिलेलं असतं. बरेच जण पार्सरमध्ये त्या ओळी गाळतात आणि सगळं हिरवं झालं म्हणून पेढे वाटतात. या बाबतीत सगळ्यात समृद्ध संग्रह वाइचप्रूफचा. गूगलच्या लोकांनी डिसेंबर २०१६मध्ये सुरू केला. नाव ऑस्ट्रेलियातल्या, जगातला सगळ्यात बुटका म्हणवल्या जाणाऱ्या डोंगरावरून, भोवतालच्या मैदानापासून जेमतेम ४३ मीटर, म्हणजे सर करण्याजोगं शिखर. आपली पर्वतीही त्याच्याशेजारी ताठ उभी राहील. जेसनमध्ये प्रत्येक नोंदीला वैध, अवैध किंवा चालेल असा शेरा असतो आणि कोणत्या जातीचा हल्ला ती तपासते तेही.

जावा १५मध्ये ईसीडीएसएचा कोड सी++मधून जावात नव्याने लिहिला गेला. एप्रिल २०२२मध्ये नील मॅडन यांनी दाखवलं की सहीतले दोन्ही आकडे शून्य ठेवले तर जावा १५ ते १८ कुठल्याही मजकुरावर, कुठल्याही किल्लीला ती सही खरी मानतं. कोरा कागद देऊन सातबारा नावावर करून घेण्यासारखं. वाइचप्रूफच्या यादीत शून्य-शून्यची सही तेव्हा आधीपासून होती.

मीटरवाला | शुक्रवार, रात्री १०:१५

मंडळी, धागा कुठल्या कुठे गेला, पण सगळं वाचतोय. मॉन्टे कार्लो चालवला, चहा नाही, जेवण झालं. पास.

सीबीसीसाठी निस्टचंच एसपी ८००-३८ए लावलं. चार ब्लॉक, पहिल्याचं उत्तर ७६ ४९ एबी एसी, जुळलं. पण लॅपटॉपवर तुलनेला पायथॉनची लायब्ररी घेतली तर ती ६४ऐवजी ८० बाइट देते. पहिली ६४ सारखी, मागे १६ जास्तीची.

जुनाट_सी | शुक्रवार, रात्री १०:२२

पॅडिंग. मजकूर १६च्या पटीत असला तरी पीकेसीएस७ ही पॅडिंगची पद्धत एक अख्खा ब्लॉक वाढवते, नाहीतर उलगडणाऱ्याला पॅडिंग कुठे संपलं ते कळत नाही. ३८एच्या व्हेक्टरमध्ये पॅडिंग नाहीच. तुम्ही पॅकेटला काय भरताय?

मीटरवाला | शुक्रवार, रात्री १०:३०

शून्यं. त्यांच्या कागदात पीकेसीएस७ लिहिलंय हे आत्ता दिसलं. बदलतो.

(थोड्या वेळाने) बदललं. तरी इनव्हॅलिड पॅकेट.

षोडशी | शुक्रवार, रात्री १०:४८

आता तुमची बाजू मानकाला जुळतेय, म्हणून चेंडू तिकडे टाका. त्यांच्याकडून एक व्हेक्टर मागा. खोटी किल्ली, आयव्ही (सीबीसीचा सुरुवातीचा ब्लॉक), मजकूर आणि त्यांच्या सर्व्हरला जे पटतं ते एनक्रिप्ट झालेलं, हे चारही. खरी किल्ली ईमेलवर अजिबात नको.

मीटरवाला | पुढचा गुरुवार, रात्री ९:५०

सहा फोननंतर एक्सेलच्या पानाचा स्क्रीनशॉट आला. हाताने टाइप करून घेतलं. माझ्या कोडने जुळत नाही, पायथॉनच्या लायब्ररीनेही नाही. किल्ली ३२ आकड्यांची हेक्स आहे, तिचे १६ बाइट करून घातले.

जुनाट_सी | पुढचा गुरुवार, रात्री ९:५८

एक प्रयोग करा. किल्लीचं रूपांतर करू नका. ते ३२ आकडे अक्षरं म्हणून, जशीच्या तशी ३२ बाइटांची किल्ली म्हणून द्या.

मीटरवाला | पुढचा गुरुवार, रात्री १०:०६

जुळलं!!! हे काय झालं?

जुनाट_सी | पुढचा गुरुवार, रात्री १०:१४

त्यांच्या प्रोग्रामरने हेक्स उलगडलंच नाही, स्ट्रिंग सरळ लायब्ररीला दिली. लायब्ररीने ३२ बाइट बघितले आणि निमूट एईएस-२५६ चालवलं. किल्लीच्या लांबीवरून जात ठरवते ती, विचारत नाही. कागदावर १२८, सर्व्हरमध्ये २५६. यात ताकद १२८चीच राहते म्हणा, कारण प्रत्येक अक्षरात फक्त चार बिटांचा जीव.

मीटरवाला | शनिवार, दुपारी ४:३०

त्यांना पुराव्यासकट कळवलं. सी.१ तुमच्या सर्व्हरवर चालवून बघा, ६९ सी४ येत नाही, असंही लिहिलं. उत्तर आलं की बाकीचे सगळे पुरवठादार गेली काही वर्षं असंच पाठवतात, आता बदलता येणार नाही, कागदात मात्र दुरुस्ती करू. कागदातली दुरुस्ती अजून दिसली नाही.

म्हणजे आता तीच चूक मला मुद्दाम करायची आहे. १० फेऱ्यांच्या १४ झाल्या, फेऱ्यांच्या किल्ल्यांना १७६ बाइट लागत होते तिथे २४० लागले, रॅमची ओढाताण झाली. परिशिष्ट सी.३ने तपासलं, ८ई ए२ बी७ सीए, बरोबर. पहिलं पॅकेट काल रात्री गेलं, सर्व्हरने घेतलं. कोडमध्ये वर मोठी टीप लिहिली आहे, नाहीतर पुढच्या वर्षी मीच ते 'सुधारायचो'. फ्लॅशमध्ये २०० बाइट शिल्लक.

खवचट | शनिवार, दुपारी ४:४१

२००मध्ये एक स्वयंचाचणी बसते. सी.३ची किल्ली ०० ते १एफ, लूपने होते. मजकूर ०० ११ २२, तोही लूपने होतो. साठवायचं फक्त १६ बाइटांचं उत्तर. वीज गेली-आली की पंपाआधी एईएस तपासायचं.

षोडशी | शनिवार, दुपारी ४:५०

खवचट, तुम्ही कामाचं लिहिलंत. तारीख लिहून ठेवतेय.

मीटरवाला | रविवार, सकाळी ११:००

बसवलं. ५८ बाइट उरले. धागा बंद करू नका, पुढच्या महिन्यात ते एचएमएसी मागणार आहेत म्हणे.